एबीएस आणि ट्रॅक्शनचे दिवे एकदम लागले तर

पावसाळ्यात घाट चढताना ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागच्या जागी घसरून फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) डॅशबोर्डवरचा दिवा दोन-चार वेळा लुकलुकून विझला, तर यंत्रणा आपले काम करीत आहे एवढाच त्याचा अर्थ. तो एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) दिव्यासह सतत जळत राहिला, तर मात्र तपासणी चाकापासून सुरू करावी, कारण दोन्ही यंत्रणा चाकांचे वेग मोजणाऱ्या त्याच चार सेन्सरांवर विसंबून असतात. इंजिनाचा जोर मिळणारे एखादे चाक इतरांपेक्षा बरेच वेगाने फिरू लागले, की नियंत्रक इंजिनाचा जोर उतरवतो आणि बहुतेक गाड्यांत त्याच चाकाला ब्रेकही लावतो. मग डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांमधून) तो जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो.

आधी एबीएस वाचणाऱ्या स्कॅनरने गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पाहावा. सी ००३५ हा कोड सहसा पुढच्या डाव्या चाकाचा असतो. पण तो सेन्सरइतकाच वायरिंगबद्दलही असू शकतो, म्हणून नवा सेन्सर मागवण्याची घाई करू नये.

गाडी सपाट जागी जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी, बाकीच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून वायर कुठे घासली वा ताणली आहे का ते पाहावे. कनेक्टरमध्ये हिरवट गंज दिसला, तर शोध बहुधा तिथेच संपतो. लोहचुंबक आणि वेटोळे असलेल्या जुन्या धाटणीच्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो; तो पुसून काढावा. अशा सेन्सरचा रोध साधारण १,००० ते २,००० ओहम भरतो आणि चाक हाताने फिरवल्यावर मीटरवर एसी व्होल्टेज दिसते. हॉल तत्त्वावरच्या (बाहेरून वीज घेऊन चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणाऱ्या) नव्या सेन्सरचा रोध मात्र मोजू नये. इग्निशन चालू करून त्याला वीज पोहोचते का, एवढेच पाहावे.

दिवा बेअरिंग बदलल्यावर लगेच लागला असेल, तर पहिला संशय सेन्सरवर घेऊ नये. अनेक नव्या बेअरिंगांच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये, सेन्सर जिचे फिरणे वाचतो ती चुंबकीय कडी असते आणि तीच बाजू सेन्सरकडे यावी लागते. दोन्ही बाजू सारख्याच दिसत असल्याने बेअरिंग उलटे दाबले जाते आणि नवाकोरा सेन्सरही मुका राहतो. प्रेसवर चढवण्यापूर्वी स्टीलची हलकी टाचणी दोन्हीकडे लावून पाहावी. ती चिकटते ती कडीची बाजू.

शेवटी कोड पुसून गाडी मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने चालवावी आणि शेजारी बसलेल्याने स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहावेत. एकाचा आकडा सतत थोडा जास्त दिसला, तर त्या चाकाच्या टायरचे माप आणि हवा तपासावी. तो दर फेरीला अडखळत असेल, तर कडीला गेलेला तडा शोधावा.