फांदीवर दोन पिंगळे आणि दोघंही शार्प पाहिजेत

नाशिकमध्ये फोटोसाठी पिंगळा (छोटं घुबड) शोधायला लांब जावं लागत नाही. मखमलाबाद, गंगापूर रोडकडे मळ्याच्या बांधावर जुनी चिंच नाहीतर आंबा बघा, ढोली असेल आणि खाली पांढरी शिट पडलेली दिसली की समजायचं वर कोणीतरी राहतंय. हिवाळ्यात गेलात तर उत्तम, निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत हे सकाळी ऊन खायला ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात, जोडीनं, कधी तिघं पण. मळा कोणाचा असेल त्यांना आधी विचारा, ते स्वतःच झाड दाखवतात.

आता खरी अडचण. एकाचा फोटो कोणालाही जमतो, पण जोडी असली की पुढचा मस्त येतो आणि मागचा धूसर. माझे पहिल्या हिवाळ्यातले जवळजवळ सगळे फोटो असेच गेले, आणि मी लेन्सलाच दोष देत बसलो होतो. हिशोब बघा, क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) कॅमेरा, ५०० एमएमची लेन्स, १० मीटर अंतर, एफ ५.६ (लेन्सचं छिद्र, आकडा वाढला की छिद्र लहान), तर फोकसमध्ये येणारी जाडी सगळी मिळून ९ सेंटीमीटरच्या आसपास. पिंगळा स्वतःच साधारण २१ सेंटीमीटरचा, त्यात दुसरा वीतभर मागे बसलेला, कसा येणार? एफ ११ केलं तर १८ पर्यंत जाते, पण उजेड कमी होतो म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चार पट वाढतो आणि नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वाढतात.

म्हणून आधी कॅमेऱ्याला हात लावू नका, स्वतः सरका. दोघंही तुमच्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत हळूहळू बाजूला व्हा, फांदी तुमच्यासमोर आडवी आली पाहिजे, तिरकी नको. बऱ्याचदा दोन पावलांत काम होतं. तेवढ्यानं नाही झालं तर मागे जा, १५ मीटरवरून एफ ५.६ लाच २० सेंटीमीटर मिळतात, पक्षी लहान दिसेल पण क्रॉप करता येतं. बर्ड आय-डिटेक्शन (पक्ष्याचा डोळा आपोआप शोधणारा फोकस) दोन पक्ष्यांत उड्या मारतं, ते बंद करून सिंगल पॉइंट फोकस जवळच्याच्या डोळ्यावर ठेवा.

तरीही नाही जमलं तर दोन फोटो. ट्रायपॉड घट्ट, एक्सपोजर मॅन्युअल, आधी पुढच्यावर फोकस करून सात-आठ फ्रेम आणि लगेच मागच्यावर तेवढ्याच, कारण हे मान सारखी फिरवतात आणि दोघांची नजर जुळणारी जोडी नंतर निवडावी लागते. फोटोशॉपमध्ये एकावर एक लेयर, ऑटो-अलाइन (फोकस बदलला की पक्ष्याचा आकार किंचित बदलतो, त्यासाठी), मग वरच्या लेयरला मास्क (हवा तो भाग झाकणारा पडदा) लावून मऊ ब्रशनं मागचा पिंगळा उघडा करायचा. असा फोटो टाकताना दोन फ्रेम जोडल्यात हे लिहा, आणि स्पर्धेला देणार असाल तर आधी नियम वाचा.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, नॉइज काढून झाल्यावर. लाइटरूममध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ओढा, पांढरं दिसेल तिथंच शार्पनिंग लागू होतं, मागचं आकाश काळं झालं पाहिजे. मग दोन्ही पक्ष्यांना वेगवेगळे मास्क, मागच्याला थोडं जास्त. पिसांच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की कमी करा. डोळाच फोकसबाहेर असेल तर कुठलाही स्लायडर तो आणून देत नाही.

पिंगळा तुमच्याकडे एकटक बघत मान खालीवर करायला लागला तर तो अस्वस्थ झालाय, तिथून मागे फिरा. फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं नको, फेब्रुवारी ते एप्रिल घरट्याच्या दिवसांत तर ढोलीपासून लांबच. आणि फोटोबरोबर लोकेशन कधीच टाकू नका. दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजेसाठी अजूनही घुबडं पकडली जातात, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे तरी. माझ्या फोटोंवर मी फक्त नाशिक जिल्हा एवढंच लिहितो, झाड कुठलं ते मित्रांनी विचारलं तरी सांगत नाही.