सेकेय गावातलं जुनं घर कसं नोंदवावं

रोमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया भागात सुमारे 10 लाख हंगेरियन भाषक राहतात. पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1920च्या ट्रियानॉन तहाने हा भाग हंगेरीकडून रोमानियाकडे गेला: देश बदलला, गावं होती तिथेच राहिली. यांतल्या पूर्वेकडच्या सेकेय लोकांची लाकडी घरं आणि कोरीव दरवाजे झपाट्याने बदलताहेत. नोंद करायला तुम्ही आर्किटेक्ट असायची गरज नाही. 20 मीटरचा टेप, वही, टॉर्च, कॅमेरा आणि भाषा जाणणारी एक व्यक्ती एवढं पुरतं.

आधी गाव नेमकं ठरवा. कोरीव दरवाज्यांसाठी नावाजलेल्या मारेफाल्वाचं रोमानियन नाव सातू मारे. त्याच नावाचं मोठं शहर आणि अख्खा जिल्हा दूर वायव्येला आहे! म्हणून दोन्ही भाषांतली नावं, जिल्हा (इथे हारगिता) आणि जीपीएसचे आकडे एकत्र लिहा. वास्तू सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत असेल तर तिचा क्रमांक उतरवा. वेळ थोडा असेल तर यादीत नसलेली घरं आधी घ्यावीत, असं माझं मत. हॅब्सबर्ग या ऑस्ट्रियन राजघराण्याच्या काळातल्या लष्करी मोजणीचे नकाशे अर्कानम या हंगेरियन कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. गावातला रस्ता, ओढा, चर्च त्यांत शोधून ठेवा.

परवानगी घ्या. वयस्क बाईंना नावापुढे ‘नेनी’, पुरुषांना ‘बाची’ म्हणतात, आपल्या काकू-काकांसारखं. घरातल्या रंगीत पेट्या, भरतकाम यांचे फोटो पत्त्यासह जाहीर करू नका; जुन्या वस्तूंवर डोळा असणारे सगळीकडे असतात.

मग दरवाज्यापाशी थांबा. घाई करू नका, अर्धा इतिहास इथेच असतो. एका आडव्या छपराखाली गाडीसाठी मोठं दार आणि शेजारी माणसांसाठी छोटं. आपल्या वाड्याची दिंडी मोठ्या दाराच्या फळीतच असते, इथे तिला स्वतःची चौकट असते. वर लाकडी फळकुटांचं छप्पर, त्याखाली बऱ्याचदा कबुतरांची भोकं. छोट्या दाराच्या माथ्यावर आणि आडव्या तुळईवर मजकूर कोरलेला असतो: ‘येणाऱ्याला शांती, जाणाऱ्याला आशीर्वाद’ अशा अर्थाचा, किंवा बांधून घेणाऱ्या नवरा-बायकोची नावं आणि साल.

हा मजकूर अक्षर न् अक्षर उतरवा, चुकलेल्या शुद्धलेखनासकट. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. हंगेरियन नावात आडनाव आधी येतं. नवऱ्याच्या नावाला ‘-ने’ जोडलं असेल तर ती त्याची बायको. तिचं माहेरचं नाव वेगळं कोरलंय का बघा. आणि साल दरवाज्याचं असतं, घराचं असेलच असं नाही. कधी खांब जुने राहतात आणि वरची तुळई नवी बसते, म्हणून प्रत्येक भागाचं लाकूड, रंग, झीज स्वतंत्र लिहा. काही नव्या दरवाज्यांवर जुनी सेकेय लिपीही दिसते. ती उजवीकडून डावीकडे वाचतात.

झिजलेलं कोरीव काम दुपारच्या उन्हात सपाट दिसतं. संध्याकाळी टॉर्च बाजूने, जवळजवळ लाकडाला टेकवून धरा, अक्षरं वर येतात.

घर मोजताना आधी हाताने कच्चा नकाशा काढा. भिंतीच्या एका टोकाला शून्य धरून खिडक्या-दारांची सगळी मापं त्याच टोकापासून घ्या. तुकड्या-तुकड्याने मोजलं की चुका साठत जातात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, कारण ओंडक्यांच्या जुन्या घरात कोपरे गुण्यात (काटकोनात) असायची शक्यता कमी. वाकडं आहे ते वाकडंच काढा. गिलाव्याखाली लाकूड आहे की वीट, हे पडवीच्या कोपऱ्यातून किंवा पोटमाळ्यावरून कळतं. त्यासाठी भिंत खरवडू नका. छताच्या मुख्य तुळईला ‘मेश्तेरगेरेन्दा’ म्हणतात. तिच्यावरचं साल घराच्या वयाबद्दल दरवाज्यापेक्षा भरवशाचं.

बोलताना घरच्यांचे शब्द लिहा. प्रमाण हंगेरियनमध्ये ‘हाझ’ म्हणजे घर. सेकेय बोलीत अनेकदा खोली. आजी म्हणाली की ‘दोन हाझ होती’, तर ती दोन खोल्यांबद्दल बोलत असेल. ‘एल्शो हाझ’ ही पुढची, रस्त्याकडची राखीव खोली: उशा-गाद्यांची रास, रंगवलेलं फर्निचर. रोजचं जगणं मागे. कुठे झोपायचे, डुकराचं मांस कुठे टांगायचे, हे विचारा. सेकेयदेर्झ गावच्या तटबंदीच्या चर्चमध्ये, बुरुजातल्या खोलीत, गावकरी आजही खारवलेली चरबी ठेवतात. चर्चच्या आराखड्यात ही खोली नुसती ‘बुरूज’ म्हणून गेली असती.

घरी परतल्यावर फोटोंची नावं त्याच रात्री बदला: गाव, घर क्रमांक, बाजू, तारीख. दोन ठिकाणी प्रती ठेवा. नकाशा पक्का करण्याआधी त्या कुटुंबाला दाखवा. खोल्यांची नावं तेच दुरुस्त करतील. दरवाज्याचा एक चांगला प्रिंट त्यांना द्या आणि पाठीमागे तारीख घाला. 10 वर्षांनी तुळई बदलली, तर जुनी कशी होती हे त्यावरूनच दिसेल.