फॉल्स सिलिंगचे लाईट निवडताय? आधी पंखा कुठे आहे ते बघा

सिलिंगवाला पहिल्याच दिवशी विचारतो, "हॉलमध्ये किती लाईट काढू, आठ की दहा?" आणि आपणही दहा सांगून मोकळे होतो, मग तो चारी बाजूंनी सारख्या अंतरावर भोकं पाडून जातो आणि नंतर सोफ्यावर जरा आडवं झालं की एक लाईट थेट डोळ्यात. आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो हो. आधी कागदावर खोली काढा, त्यात सोफा, बेड, कपाट, ओटा, आरसा, पंखा सगळं मांडा आणि जिथे उजेड पडायला हवा तिथे फुल्या मारा.

पंखा पहिला, कारण हे कोणी सांगतच नाही. १२०० मिमीचा म्हणजे आपला नेहमीचा ४८ इंची पंखा हुकपासून चारी बाजूंना २ फूट फिरतो आणि पाती सिलिंगच्या साधारण फूटभर खाली असतात. लाईट त्या घेराच्या वर किंवा अगदी कडेला आला की पातं दर फेरीला उजेड कापत जातं आणि भिंतीवर सावल्या लपलपत राहतात, वाचायला बसलात तर थोड्या वेळात डोकं उठतं. १० बाय १२ च्या बेडरूममध्ये चार कोपऱ्यांत, दोन्ही भिंतींपासून २-२ फूट सोडून लाईट घेतले तर मधल्या हुकपासूनचं अंतर आपोआप ५ फूट येतं, प्रश्नच मिटला. भिंतीला याहून फार चिकटवू नका, फूटभरावरून उजेड खाली घासत आला की पुट्टीचे सगळे चढउतार उठून दिसतात, आणि मग पेंटरशी भांडण.

आता किती वॉटचे. १० बाय १२ म्हणजे साधारण ११ चौरस मीटर, बेडरूमला १५० लक्स पुष्कळ झाले (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन), म्हणजे साडेसोळाशेच्या आसपास ल्युमेन, त्यात भिंती-पडदे उजेड खातात, वर्षभरात धूळ बसते, ते धरून अडीच हजार. बऱ्या कंपनीचा एलईडी वॉटला ९०-१०० ल्युमेन देतो, म्हणजे सहा-सात वॉटचे चार पुरले. तिथे १२ चे चार लावाल तर बेडरूमचं मोबाईलचं दुकान होईल. बॉक्सवर वॉट मोठ्या अक्षरात आणि ल्युमेन बारीक अक्षरात असतात, बारीक वाचा.

प्रकार मुख्य दोनच. पॅनल लाईट चपटा, उजेड चौफेर पसरतो, सिलिंग फक्त ३-४ इंच खाली आणलं असेल तरी बसतो, रोजच्या उजेडाला हाच. सीओबी म्हणजे एकाच जागी दाटीने एलईडी चिप बसवलेला, छोटा पण झगझगीत, बीम म्हणजे उजेडाचा झोत किती पसरतो ते, तो २४, ३६, ६० डिग्री असा मिळतो, तो फोटोफ्रेम, कपाटाचं तोंड, देवघर अशा ठरावीक जागेवर टाकायला. बेडवर उशीच्या बरोबर वर सीओबी अजिबात नको. घ्यायचाच तर ज्यात लाईट आत खोल बसवलेला असतो तो घ्या, थोडा महाग पडतो पण डोळ्याला टोचत नाही.

किचनमध्ये सगळ्यांचं एकच होतं, लाईट खोलीच्या मधोमध आणि भाजी चिरताना आपलीच सावली ओट्यावर. ओटा २ फूट रुंद असतो, तर भिंतीपासून २ फुटांवर म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर लाईट घ्या, आणि वर कपाटं असतील तर त्यांच्या खाली एक प्रोफाईल लाईट (ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेली एलईडीची लांब पट्टी) टाकाच, त्याला पर्याय नाही.

रंग: तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. आपल्याकडे अजून ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड म्हणजेच 'चांगला उजेड' असं डोक्यात बसलंय. बेडरूम-हॉलला ३०००, किचन आणि अभ्यासाच्या जागी ४००० घेऊन बघा. एका खोलीत सगळे एकाच रंगाचे ठेवा. बटण चालू-बंद करून रंग बदलणारे थ्री-इन-वन येतात ते मला तरी आवडत नाहीत, कधीतरी एखादा मागे राहतो आणि मग तीन पिवळे एक पांढरा, खटखट करत बसा. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, तो ८० च्या खाली घेऊच नका, आरशाजवळ आणि किचनला ९० मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइन कलरची साडी घरात काळपट आणि बाहेर गेल्यावर भलतीच दिसते.

बहुतेक वेळा एलईडी जात नाही, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा छोटा डबा) जातो. म्हणून ड्रायव्हर वेगळा आणि पिनने जोडलेला असेल असा लाईट घ्या, म्हणजे तेवढाच बदलता येतो, आणि त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर- ने सुरू होणारा नंबर आहे का बघा. दुकानात लाईट लावायला सांगून मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर धरा, जाड काळे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे उजेड लुकलुकतोय, तर दुसरा दाखवायला सांगा. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) लावायचा असेल तर बॉक्सवर डिमेबल लिहिलेलंच हवं. बाथरूमला आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा) किंवा त्यावरचा.

लाईट आधी घरी आणा आणि मगच भोकं पाडायला सांगा, कारण एकाच वॉटच्या दोन कंपन्यांची कट-आउट साईज (भोकाचं माप) वेगळी असते आणि मोठं पडलेलं भोक बुजवणं म्हणजे पुन्हा जोडकाम, पुन्हा रंग. जिप्समच्या वरचे पत्र्याचे चॅनल कुठून गेलेत त्याचे फोटो बोर्ड मारायच्या आधी काढून ठेवा, भोक नेमकं चॅनलवर आलं की मिस्त्री सरळ तो कापतो. सगळे लाईट एका बटणावर नकोत, कडेचे वेगळे, सीओबी वेगळे. आणि बिल करतानाच त्याच मॉडेलचे दोन जास्तीचे घ्या, दोन-तीन वर्षांनी एक गेला की दुकानदार "ते मॉडेल बंद झालं" म्हणतो आणि त्या भोकात दुसरा कुठलाच बसत नाही.