जुन्या टार्गेट रायफलचा ट्रिगर बदलताना

जुन्या टार्गेट रायफलचा ट्रिगर बदलण्यापूर्वी चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करावी व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नवा ट्रिगर केवळ मॉडेलचे नाव पाहून मागवू नये. एकाच नावाखाली वर्षानुवर्षे बनलेल्या रायफलींमध्ये पिनांच्या छिद्रांच्या जागा आणि सिअरची (फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, अडवून धरणाऱ्या भागाची) उंची बदललेली असू शकते, म्हणून अनुक्रमांक आणि जुन्या ट्रिगरची मापे विक्रेत्याला कळवणे अधिक खात्रीचे. दस्त्यातील खाच अपुरी पडत असेल, तर लाकूड थोडे थोडे कोरावे, कारण ट्रिगरचा कोणताही भाग लाकडाला घासला तर ओढ प्रत्येक वेळी वेगळी जाणवते.

खरी कसोटी बसवल्यानंतर लागते. रिकामी रायफल कॉक करून (फायरिंग पिन मागे अडकवून) बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, अनेकदा जोराने बंद करावा, दस्त्याचा तळ जाड रबरी चटईवर आपटावा आणि सेफ्टी लावून ट्रिगर ओढून सोडावा व मग सेफ्टी काढावी. यांपैकी कशानेही फायरिंग पिन सुटली, तर सिअरची पकड अपुरी आहे असे समजून रायफल जाणकार कारागिराकडेच न्यावी. सिअर स्वतः कानशीने घासणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते, कारण त्याचा कठीण केलेला थर पातळ असतो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ३०० मीटर स्टँडर्ड रायफल प्रकारात ट्रिगरची ओढ किमान १५०० ग्रॅम असावी लागते, त्यामुळे त्या स्पर्धेसाठी हलका ट्रिगर घेण्यात अर्थ नाही.