पावसाळ्याच्या तोंडाला लॉनची भांगलण

मृगाचे दोन पाऊस झाले की आमच्या सांगलीत घरोघरी एकच रडगाणं, लॉन कमी आणि तणच जास्त. चार एकर ऊस भांगलून (तण खुरपून) घेणारा गडी, पण दारापुढची 500 स्क्वेअर फूट हिरवळ काय त्याला आवरत नाही.

आधी तण ओळखा, सगळ्याला एकच औषध चालत नाही. एकदांडी, नायटी, घोळ, आंबुशी ही रुंद पानाची मंडळी तशी सोपी. पावसाची उघडीप मिळाली, वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की खुरप्याच्या टोकानं मुळासकट निघतात, फक्त फुलं धरायच्या आत काढा. आंबुशीची शेंग पिकली की हात लागला तरी फुटून बी चारी बाजूला उडतं, मग तुम्ही भांगलण नाही, पेरणी करताय. गाजर गवत दिसलं तर हातमोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते, आणि फुललेलं असंल तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, एकेका झाडाला हजारोंनी बी असतं.

खरी डोकेदुखी लव्हाळ्याची. काडी दोन बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागल्या की लव्हाळाच समजायचा, गवताची काडी अशी तिधारी नसते. बरेच जण हा वर धरून ओढतात, पाला हातात येतो आणि गाठ खालीच राहते, तिच्यावरचे डोळे आठवड्याभरात परत फुटतात. गाठी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या, बहुतेक वरच्या वीतभर मातीत. त्यामुळं अरुंद खुरपं खाली घालून गाठीसकट उचला, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागेवर परत फिरा, म्हणजे नवीन गाठी धरायच्या आत जुनीतला साठा संपत जातो. एका पावसाळ्यात संपंल असं मी म्हणणार नाही, पण सावली त्याला सोसत नाही, वरचं गवत दाट असलं की तो आपोआप मागं पडतो.

म्हणून लॉन बोडकं कापू नका. दीड-दोन इंच उंची ठेवा आणि एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापा. घरच्यांना वाटतं बारीक कापलं की महिनाभर बघायला नको, पण माती उघडी पडली की ऊन खाली पोचतं आणि तणाचं बी जागं होतं. पाऊस नसंल तेव्हा रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदाच भरपूर पाणी द्या. युरिया चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे 500 स्क्वेअर फुटाला अर्ध्या किलोच्या आतच, वाळूत मिसळून कोरड्या पात्यावर फेकायचा आणि लगेच पाणी, नाहीतर पाती करपतात.

आता फवारणीचं. उसाला मारून पंपात उरलेलं तणनाशक लॉनवर मारायचा मोह लई जणांना होतो, कृपा करून नको. ग्लायफोसेट तण आणि लॉन दोन्ही जाळतं. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाला चालतं, पण आपल्याकडं तासगाव, मिरजेच्या बाजूला घराला लागून द्राक्षबाग असती, आणि ह्या औषधाचा नुसता वारा लागला तरी वेलीची पानं पंख्यासारखी आखडतात. टोमॅटो, भेंडीलाही तेच. बाग जवळ असंल तर हे औषध घरात आणूच नका, आणि त्याचा पंप दुसऱ्या कशाला वापरू नका. लव्हाळ्यावर उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के एकरी 36 ग्रॅम मारतात, आता तुमच्या 500 फुटाचा हिशोब करा, अर्धा ग्रॅमसुद्धा होत नाही! चिमटीनं टाकाल तर माप चुकणारच. घरच्या लॉनला खुरपंच बरं.

तण येतं कुठनं तेही बघा. मी स्वतः तयार लॉनचे रोल आणले होते, आठ दिवसांनी सांध्यासांध्यातनं लव्हाळ्याचे भाले वर आले, मातीतच गाठी होत्या. अर्धं कुजलेलं शेणखत आणि नदीकाठची माती ह्यांचीही तीच गत. नवीन लॉन करायचं असंल तर ही जागा पुढच्या एप्रिल-मे मध्ये खणून उन्हात तापू द्या, मग पाणी देऊन तण उगवू द्या आणि काढा, असं दोनदा करा, तोवर लावायची घाई नको. रोल घेताना उलटा करून मातीत काळ्या गाठी आहेत का बघा, नर्सरीवाला तोंड वाकडं करंल तर करू दे.

गवत कापायचं मशीन शेजाऱ्याचं आणलं असंल तर पाती धुवूनच लावा, आणि कडंच्या विटांच्या फटीतला लव्हाळाही त्याच दिवशी काढा, तिथनंच तो परत आत शिरतो.