316एल तपासताना आधी कडा बघा

इम्प्लांटच्या 316एल स्टेनलेस स्टीलचा पोलरायझेशन आलेख (द्रावणात व्होल्टेज वाढवत नेलं की करंट किती वाहतो, त्याचा) काढायचा म्हटलं की मुलं थेट सॉफ्टवेअर उघडतात. खरं तर आलेख बिघडतो तो त्याच्या दोन दिवस आधी, नमुना इपॉक्सीत बसवताना.

नमुन्याच्या पाठीला तांब्याची तार जोडा. साधं सोल्डर स्टेनलेसला धरत नाही, त्यात डोकं फोडू नका; सिल्व्हर पेस्ट लावा, वाळू द्या, मल्टिमीटरचा 'बीप' ऐका आणि मगच इपॉक्सी ओता. मग पॉलिश पेपर, 220 पासून 1200 पर्यंत. प्रत्येक पेपरला नमुना काटकोनात फिरवा, म्हणजे आधीच्या रेघा पुरत्या गेल्या की नाही ते दिसतं. धुवायला इथेनॉल घ्या.

आता कडा. इपॉक्सी घट्ट होताना आकसतं आणि धातूलगत डोळ्याला न दिसणारी फट राहते. द्रावण तिथे शिरतं, आतला ऑक्सिजन संपतो, विरघळलेल्या क्रोमियममुळे तिथलं पाणी आम्लधर्मी होतं, क्लोराइड आत ओढलं जातं आणि काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर नेमका तिथेच फाटतो. करंट उसळतो. आपण वहीत लिहितो 'पिटिंग', म्हणजे उघड्या पृष्ठभागावर खड्डे पाडणारं गंजणं. असतं मात्र फटीतलं गंजणं.

एम.टेक.ला मी यात पुरता फसलो. एकाच कांडीचे दोन नमुने, एकाचा थर 180 मिलिव्होल्टला फुटला, दुसऱ्याचा 410 ला. आठवडाभर मी उष्णतोपचाराला शिव्या घातल्या. शेवटी मायक्रोस्कोपखाली धरलं तर मधला भाग आरशासारखा लखलखीत, आणि कडेला नखाएवढी तपकिरी कोर! तेव्हापासून कडेवरून लॅकरचे दोन हात देतो (पहिल्यांदा बहिणीची नेलपॉलिश पळवली होती, तीही चालली). लॅकर वाळल्यावर उघडं क्षेत्र व्हर्निअरने पुन्हा मोजा, करंटला भागायचं ते त्याच क्षेत्राने.

द्रावण हँक्सचं, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखं खारं पाणी: लिटरमागे 8 ग्रॅम सोडियम क्लोराइड, बाकीचे क्षार थोडे थोडे. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, हळूहळू घाला. गढूळ झालं तर गाळत बसू नका, ओतून द्या. तापमान 37 अंश, पीएच 7.4. अर्धा तास नायट्रोजन सोडला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो. म्हणून आधी आणि नंतर, दोन्ही आकडे लिहा.

तासभर नुसतं ओपन सर्किट पोटेन्शियल (बाहेरून व्होल्टेज न देता नमुन्याचं स्वतःचं) बघत बसा. मग व्होल्टेज सेकंदाला 1 मिलिव्होल्टने वर, करंट उसळला की उलट खाली. आलेख वेडावाकडा नाचू लागला तर आधी लगिनच्या (संदर्भ इलेक्ट्रोडला नमुन्याजवळ आणणारी बारीक काचनळी) टोकात बुडबुडा अडकलाय का ते बघा, टिचकी मारा.

झाल्यावर बीकर विसळायच्या आधी नमुना मायक्रोस्कोपखाली. डाग कडेला असेल तर तो आकडा खोडा आणि नवा नमुना घ्या.