गुरुवारी सुरू होणारा आठवडा: टाउनच्या चॅनलची तयारी

मी दिवाळीला तीन आठवडे सांगलीला चाललेय आणि मंडळातल्या दोघातिघांनी "ताई, तुमचं ते टाउनच्या टीव्हीचं आम्ही बघतो" म्हणून हात वर केलाय, तर म्हटलं प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं, बाकीच्या टाउनमधल्या आपल्या लोकांनाही उपयोग होईल. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे अमेरिकेत केबल कंपनी टाउनच्या रस्त्यांवरून वायरी नेते, त्या बदल्यात टाउन तिच्या केबलच्या कमाईतला वाटा मागू शकतं, १९८४ च्या केबल कायद्यानुसार जास्तीत जास्त ५ टक्के, शिवाय लोकांसाठी, शाळांसाठी आणि टाउनच्या कारभारासाठी चॅनल मागू शकतं. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, आमच्याकडे तिन्ही आहेत. आता घरोघरी केबल काढून टाकतायत आणि हा वाटा फक्त केबलवर मिळतो, इंटरनेटच्या बिलावर नाही, त्यामुळे पैसा आटत चाललाय आणि पगारी माणसं दोनच उरलीत. बाकी सगळं तुमच्या-माझ्यासारखे व्हॉलंटिअर, आणि मुख्य काम म्हणजे टाउनच्या मीटिंगा रेकॉर्ड करून चॅनलवर दाखवणं.

तर आमचा आठवडा सोमवारी नाही, गुरुवारी संध्याकाळी सुरू होतो आणि हे कोणाच्या सोयीने नाही, कायद्याने आहे. इथल्या ओपन मीटिंग लॉप्रमाणे कुठल्याही सरकारी कमिटीने मीटिंगची नोटीस ४८ तास आधी लावायची असते आणि त्या ४८ तासांत शनिवार, रविवार आणि सुट्टी धरत नाहीत. म्हणजे सोमवारी संध्याकाळी ७ ला सिलेक्ट बोर्डाची मीटिंग असेल (सिलेक्ट बोर्ड म्हणजे पाच निवडून आलेली माणसं जी टाउन चालवतात) तर नोटीस गुरुवारी ७ च्या आत लागलेली असणार, आणि सोमवारी सुट्टी म्हणून मीटिंग मंगळवारी ७ ला असली तरी मोजून बघा, परत गुरुवार ७ च येतो. म्हणून गुरुवारी जेवणं आटपली की टाउन क्लार्कच्या पानावर जाऊन कमिटी, तारीख, वेळ, खोली आणि झूम आहे का हे कागदावर उतरवून घ्यायचं. खोली नीट वाचा हो. मागे एकदा स्कूल कमिटी लायब्ररीत बसली होती आणि मी टाउन हॉलच्या रिकाम्या खोलीत ट्रायपॉड लावून वीस मिनिटं "आज कोणी आलं कसं नाही" म्हणत बसले होते. आणि मीटिंग रद्द झाल्याची बातमी मात्र कधीही येते, त्यामुळे निघायच्या आधी एकदा परत बघायचं.

रविवारी रात्री बॅग. सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावा आणि "दोन कांड्या दाखवतेय, पुरेल" असं अजिबात म्हणू नका, आमच्या जुन्या बॅटऱ्या दोन कांड्या दाखवत दाखवत पाच मिनिटांत मान टाकतात, ज्यांच्यावर लाल टेप आहे त्या फक्त अडीअडचणीला. मीटिंगमध्ये शक्यतो भिंतीतलीच वीज घ्यायची, एक्स्टेन्शन बॅगेच्या तळाशी आहे. कार्ड दोन, आणि आधीचं फूटेज सर्व्हरवर (चॅनल चालवणारा स्टुडिओतला कॉम्प्युटर) गेलंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कोणी "हो हो, कॉपी केलंय" म्हटलं तरी नाही. एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची) एक जास्तीची, झाकून टाकणारे मोठे हेडफोन (कानात घालायचे बारके नकोत), आणि काळा गॅफर टेप. डक्ट टेप नको, तो कार्पेटवर चिकट थर सोडतो आणि मग टाउन हॉलचे केअरटेकर आजोबा आपल्याकडे असं बघतात की जणू आपण त्यांच्या घरातच काही सांडलंय.

आता सोमवार, आणि इथे जरा जास्त लिहिते कारण खरी भानगड इथेच आहे. तासभर आधी पोचा. कॅमेरा लावायला दहा मिनिटं पुरतात, बाकीची पन्नास आवाजासाठी. चित्र थोडं पिवळट आलं, कोणाचं डोकं अर्धं कापलं गेलं तर कोणी तक्रार करत नाही, पण आवाज नाही आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात, आणि फोन करणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतात ज्यांना रात्री मीटिंगला येता येत नाही. माझ्या पहिल्याच महिन्यात मी हे करून बसलेय. खोलीच्या मिक्सरमधून (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) जी केबल येते तिच्यात लाइन लेव्हलचा जोरदार सिग्नल असतो आणि कॅमेऱ्यावरचं बारीक बटण 'माइक'वर राहिलं होतं. मीटर मस्त उड्या मारत होता, मी खूश, हेडफोन गळ्यात. घरी येऊन ऐकते तर अडीच तास बजेटची चर्चा कढईत पापड तळल्यासारखी. ते आता परत मिळणार कुठून. तेव्हा बटण 'लाइन'वर, पहिल्या चॅनलवर मिक्सरचा आवाज, दुसऱ्यावर कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा माइक सुट्टा चालू ठेवायचा, म्हणजे एक गेला तरी दुसरा असतो, आणि हेडफोन कानावर. मीटर हलतोय म्हणजे काहीतरी येतंय एवढंच कळतं, काय येतंय ते कानालाच कळतं.

टेबलावर बदकाच्या मानेसारखे माइक आहेत, बटण दाबलं की लाल रिंग पेटते. मीटिंगच्या आधी प्रत्येक माइकजवळ जाऊन बटण दाबून चार शब्द बोलून बघा, मी आपली "सोमवार, मंगळवार" म्हणते. डावीकडून दुसरा माइक कधीकधी पेटतो पण बोलत नाही, त्याची केबल खाली जरा दाबून बसवायची. लोकांसाठीचा माइक जरा लांब उभा आहे आणि तिथे येणारा माणूस हमखास माइक सोडून बोर्डाकडे वळून बोलतो, तेव्हा चेअरना, म्हणजे मीटिंगच्या अध्यक्षांना, आधीच सांगून ठेवा की "माइकमध्ये बोला" म्हणून आठवण करा, त्या करतात बिचाऱ्या. झूमवर कोणी असेल तर झूमला खोलीचा आवाज जायला पाहिजे पण झूमवाल्यांचा त्यांनाच परत जाता कामा नये, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. याला मिक्स-मायनस म्हणतात, मिक्सरवर हिरव्या टेपवाली पट्टी त्याची, तिला हात लावू नका म्हणजे झालं.

सुरुवातीलाच चेअरनी "मीटिंग रेकॉर्ड होतेय" असं सांगायचं असतं, तोही कायदाच आहे, विसरल्या तर हात वर करून खूण करा. मग मधेच कधीतरी एक्झिक्युटिव्ह सेशन येतं, म्हणजे कोर्टकचेरी, पगाराची बोलणी असल्या विषयांसाठी बंद दाराआडची बैठक. त्याआधी एकेकाचं नाव घेऊन मत मोजतात आणि चेअरना सांगावं लागतं की नंतर परत सगळ्यांसमोर बसणार की नाही. हे वाक्य कान देऊन ऐका, कारण "परत बसणार" म्हटलं तर सामान आवरायचं नाही, बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून राहायचं, एकदा मी रात्री पावणेअकरापर्यंत बसलेय. आणि बाहेर पडताना नुसता कॅमेरा बंद करून चालत नाही. खोलीतले माइक चालूच असतात आणि लाइव्ह चॅनलवर आवाज जाऊ शकतो, त्यामुळे मिक्सरचं मेन (सगळ्या आवाजाची मुख्य पट्टी) खाली, लाइव्हवर "थोड्याच वेळात" ची पाटी, आणि झूमचं रेकॉर्डिंग बंद, या तिन्ही गोष्टी करून मगच दार ओढा.

कॅमेरा चालवताना एक मोह होतो तो आधीच सांगते. समोर एक जण तावातावाने बोलतोय आणि शेजारचे सदस्य जांभई देतायत किंवा फोन बघतायत, आपला हात आपोआप झूमकडे जातो. नाही न्यायचा. बोलणाऱ्यावर कॅमेरा, मत देताना पूर्ण टेबल, एवढंच. तुम्हाला कोण आवडतं कोण नाही ते घरी येऊन चहावर बोला. हेच मे महिन्यातल्या टाउन मीटिंगला तर फारच पाळावं लागतं, ती म्हणजे आपली ग्रामसभाच असते, मतदार असलेला कोणीही येऊन बोलतो आणि मत देतो, पण ते वसंतात, तोपर्यंत मी आलेली असेन.

मंगळवारचं काम सोपं आहे. मीटिंग कापायची नाही, सुरुवातीची आणि शेवटची रिकामी मिनिटं काढायची बस, मधलं भांडण असो की कंटाळा, तसंच्या तसं जातं. यूट्यूबवर टाकताना अजेंड्याप्रमाणे वेळा लिहा म्हणजे ज्याला फक्त फूटपाथचा विषय बघायचाय तो तिथेच उडी मारेल. कॅप्शन मशीन करतं, पण नावं तपासा, आपल्या आडनावांचं ते काय करतं हे मी इथे लिहीत नाही. नावाची पट्टी कोपऱ्यात अगदी कडेला लावू नका, केबलवर आमचं चॅनल अजून जुन्या एसडीमध्ये (कमी स्पष्ट चित्रात) जातं आणि काही टीव्ही कडा खातात. मग आठवड्याचं शेड्यूल सर्व्हरवर चढवायचं: मीटिंग रात्री एकदा आणि सकाळी एकदा, सकाळचीच जास्त बघितली जाते. मधल्या रिकाम्या जागेत पाट्यांचं बुलेटिन फिरतं, फ्लूच्या इंजेक्शनचा दिवस, लायब्ररीच्या वेळा वगैरे. तारीख उलटून गेलेली पाटी काढायला विसरू नका, गेल्या वर्षी डिसेंबरात भोपळे कोरायची पाटी फिरत होती. आणि हो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ ला घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे १ ते २ हा तास दोनदा येतो आणि सर्व्हर गोंधळतो. त्या सकाळी उठून एकदा चॅनल लावून बघा, तेव्हा मी सांगलीत असेन, मला फोन करू नका, केलात तरी मी उचलेनच म्हणा.

बुधवारी स्टुडिओ लोकांचा. टाउनमध्ये राहणारा कोणीही एकदा ट्रेनिंग घेऊन, फॉर्म भरून कार्यक्रम करू शकतो, जो आधी येईल त्याला आधी वेळ. मॅनहॅटनमध्ये १९७१ साली अशी चॅनल सुरू झाली तेव्हापासून याचा गाभा हाच, आणि अश्लील प्रकार सोडले तर कार्यक्रमात काय बोललं जातं यात केबल कंपनीलाही हात घालता येत नाही. त्यामुळे येणारा माणूस तुमच्या मताच्या बरोबर उलट बोलला तरी त्याला माइक नीट लावून द्यायचा, अगदी नीट. कार्यक्रम साडेअठ्ठावीस मिनिटांचा करायला सांगा म्हणजे अर्ध्या तासात बसतो. जाहिरात चालत नाही. समोशांसाठी अमुक हॉटेलचे आभार, हे चालतं, "प्लेट पाच डॉलरला, आजच या" हे नाही.

आणि मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाचं फूटेज अजून पडलंय, त्याबद्दल सगळे विचारतात. अडलंय ते गाण्यांमुळे. पोरांचे नाच झकास झालेत पण सगळे सिनेमाच्या रेकॉर्डवर, आणि फॉर्मवर सही करताना आपण लिहून देतो की यातल्या सगळ्याचे हक्क आपल्याकडे आहेत, जे नाहीत. यूट्यूब तर आवाजच बंद करून टाकू शकतं. त्यामुळे आपल्याच लोकांनी म्हटलेली पारंपरिक आरती, ढोल-ताशा, मोदकांची स्पर्धा आणि लहान मुलांचे श्लोक एवढ्याचा अर्ध्या तासाचा भाग काढा, आणि ज्या मुलांचे चेहरे दिसतात त्यांच्या आईवडिलांची सही घ्या. यादी माझ्याकडे आहे, सहा जण बाकी आहेत, त्यातल्या चौघांच्या आयांना मी मेसेज केलाय.

स्टुडिओची चावी बुधवारी जाताना फ्रंट डेस्कवर द्यायची, घरी न्यायची नाही. सर्व्हरच्या रॅकच्या खोलीत एसी बाराही महिने चालू असतो, बाहेर बर्फ पडत असला आणि तुम्हाला आत हुडहुडी भरली तरी तो बंद करू नका, खुर्चीवर माझा जुना स्वेटर ठेवलाय तो घाला.